लेकराला ऐकू येत नाही. मग बोलायचं तोंडाने की हाताने?



मागच्या वर्षावासात एका विहारात रक्तदाबावर बोलायला गेले होते. बोलणं झालं, चहा झाला, बायका उठून गेल्या. एक तरुण आई मात्र भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. मांडीवर अडीच वर्षांचा मुलगा, दोन्ही कानांना मशीन. सगळे गेल्यावर म्हणाली, "ताई, थेरपीच्या मॅडम सांगतात, हातवारे अजिबात करू नका, नाहीतर तो बोलणारच नाही. आणि आमच्या गल्लीत एक बहिरा दादा आहे, तो हाताने सांगतो, याला आमची भाषा शिकवा. सासूबाई म्हणतात, दोन्ही सोडा, आपोआप बोलेल, याचा बापही उशिराच बोलला होता. मी ऐकू कुणाचं?"

त्या दिवशी मला घरी जायला रात्र झाली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न एकट्या तिचा नाही. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक आपल्या देशात मोजले गेले. आणि कर्णबधिर मुलांपैकी दहात नऊहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. म्हणजे ज्या घरात कुणालाच बहिरेपणाचा अनुभव नाही, त्याच घरावर हा निर्णय येऊन पडतो, आणि तोही घाईत.

आधी एका शब्दाबद्दल. आपण सहज 'मुका' म्हणतो, शाळांच्या जुन्या पाट्यांवर 'मूकबधिर' असतं. बहुतेक कर्णबधिर मुलांचा घसा, जीभ, स्वरयंत्र सगळं ठणठणीत असतं. ऐकूच आलं नाही म्हणून बोलणं आलं नाही, एवढंच. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा आपले लोक काही घशाने मुके नव्हते. त्यांचं बोलणं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. तेव्हा निदान आपल्या घरात तरी लेकराला 'मुक्या' अशी हाक नको. त्याला नाव आहे.

आता मुद्द्यावर येते. बोलणं आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच सगळा घोळ होतो. बोलणं म्हणजे तोंडातून आवाज काढून शब्द उच्चारणं. भाषा म्हणजे 'काल', 'उद्या', 'का', 'नको', 'मला भीती वाटते', 'त्याने मला मारलं' हे डोक्यात तयार होणं आणि दुसऱ्यापर्यंत पोचवता येणं. पोपट बोलतो, त्याला भाषा नसते. बहिरा माणूस हाताने कोर्टात बाजू मांडू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने सुप्रीम कोर्टात खूण-भाषेतून काम चालवलं, ते सगळ्या देशाने पाहिलं.

मेंदूला भाषा पकडायची सगळ्यात जास्त ताकद पहिल्या चार-पाच वर्षांत असते. ती भाषा कानातून आली की डोळ्यातून आली, याची मेंदूला फारशी पर्वा नसते. पण त्या वर्षांत कोणतीच भाषा पुरेशी मिळाली नाही, तर पुढे ती कसर भरून काढणं फार अवघड जातं. मग वाचणं अडतं, गणितातली तोंडी उदाहरणं अडतात, रागावर ताबा राहत नाही. लोक म्हणतात पोर मंद आहे. पोर मंद नसतं, उपाशी असतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एक चूक करून शिकले, आणि ती सांगते.

साधारण वीस वर्षांपूर्वी मी रुग्णालयात नोकरीला होते. एका वस्तीतली तीन वर्षांची मुलगी तपासणीला आली, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तिची आई तिच्याशी हाताने बोलायची: जेव, झोप, बाबा आले, मांजर. घरच्या घरी बनवलेल्या खुणा. कागदावर 'हातवारे टाळावेत' असं लिहिलेलं होतं आणि मी ते त्या आईला दरडावून समजावलं. नवी नर्स होते, ठाम बोलण्यातच शहाणपण वाटायचं. आईने मन मारून हात बांधून घेतले. चार महिने थेरपीला आली. मग नवऱ्याचं काम सुटलं, दोन बस बदलून यायला पैसे नव्हते, एक दिवसाची मजुरी बुडत होती. येणं बंद झालं. मशीनचे सेल संपले, साचा लहान झाला, मशीन डब्यात गेलं. हातवारे तर मीच बंद केले होते.

सहा वर्षांनी तीच मुलगी पोटदुखीने तडफडत वॉर्डात आली. कधीपासून दुखतंय, कुठे सुरू झालं, उलटी झाली का, काहीच सांगता येत नव्हतं. 'आई', 'पाणी' आणि असेच चार-पाच शब्द तोंडात. अपेंडिक्स फुटलं होतं. वाचली, पण दोन दिवस आधी तिला सांगता आलं असतं तर एवढ्यावर गेलंच नसतं. आई मला ओळखत होती. काही बोलली नाही.

पोटदुखी तरी डॉक्टरच्या हाताला लागते. कुणी अंगाला हात लावला, अंधाऱ्या जिन्यात ओढलं, तर नाव सांगायला भाषा लागते. ज्या मुलीला सांगता येणार नाही अशी सगळ्यांना खात्री असते, तिला जास्त धोका असतो. वस्तीत राहणाऱ्या आईला हे वेगळं सांगायला नको.

हातावर बंदी कुणी घातली?

१८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची मोठी परिषद भरली. तिथे ठराव झाला की शाळेत तोंडी बोलणंच शिकवायचं, हातांची भाषा बंद. शंभरावर प्रतिनिधी होते, त्यांत बहिरा माणूस जवळजवळ नव्हताच. ज्यांच्याविषयी ठराव, त्यांनाच सभेत जागा नाही, हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही. त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं जगभरच्या शाळांत मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, त्यांना हातांवर बसायला लावलं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच विचाराचे होते. त्यांची आई आणि बायको दोघीही कर्णबधिर, तरी १८८३ मध्ये त्यांनी बहिऱ्यांची आपापसांतली लग्नं ही समाजापुढची अडचण आहे असा प्रबंध वाचला. कुणी कुणाशी लग्न करावं हे वरून ठरवणारे लोक सगळ्या देशांत असतात.

त्याच परिषदेच्या २०१० च्या कॅनडातल्या बैठकीत मिलानचे ठराव नाकारले गेले आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त झाला. मध्ये एकशेतीस वर्षं गेली. आपल्याकडच्या शाळांतही तोंडी पद्धतच मुख्य राहिली. मुलं मात्र शिक्षकांची पाठ वळली की वसतिगृहात, मैदानात हातानेच बोलत राहिली. भारतीय खूण-भाषा मुख्यतः अशीच जिवंत राहिली.

ही खूण-भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द सहसा शेवटी येतो, 'नाही' शेवटी येतं, भुवया आणि चेहरा हे व्याकरणाचाच भाग. मराठीचा शब्द न् शब्द हाताने केला म्हणजे खूण-भाषा झाली असं नाही. हिची मुळाक्षरं दोन्ही हातांनी करतात, अमेरिकेची एका हाताने. भागागणिक काही खुणा बदलतात, जशी आपली मराठी वऱ्हाडात आणि कोकणात बदलते. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय खूण-भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले होते, आणि तो फोनवर फुकट पाहता येतो.

आधी कानाकडे बघा

खूण-भाषेचं एवढं कौतुक केलं म्हणून कानाचं मशीन फेकून देऊ नका. वेळेवर तपासणी झाली तर पुष्कळ मुलांना पुष्कळ ऐकू येऊ शकतं, आणि ते त्यांच्या हक्काचं आहे.

जगभर मानलेला हिशोब असा: एका महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन आणि शिकवणी. आपल्याकडे बाळ दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत घरचे ताट वाजवून बघत बसतात. ताट वाजवलं की बाळ वळतं, कारण त्याला हात हललेला दिसतो, फरशीची थरथर जाणवते. ही तपासणी नव्हे. बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून करतात ती ओएई, आणि डोक्याला तारा लावून बाळ झोपेत असताना करतात ती बेरा. जन्मतः वजन कमी होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, कावीळ जास्त चढली होती, मेंदूज्वर झाला होता, अशा बाळाची ओएई ठीक आली तरी बेरा मागून घ्या. काही बाळांत कान चांगला असतो आणि कानातून मेंदूकडे जाणारी नस नीट काम करत नाही. ते फक्त बेरात कळतं.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. अंगणवाडीताईला आधी सांगून ठेवा की आमच्या बाळाच्या कानाची शंका आहे, नाहीतर गर्दीत वजन-उंची घेऊन पथक निघून जातं. मुंबईकरांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. तिथे तपासणी, मशीन, थेरपी आणि खूण-भाषेचे वर्ग एकाच ठिकाणी आहेत.

आणि हो, जिभेखालचा टाका कापून बहिरेपण जात नाही. कानात तेल, लसणाचं पाणी, कुठल्या बाबाचा अंगारा याने तर नाहीच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसंसुद्धा पोराचं काही असलं की गुपचूप अंगारा आणतात, मी पाहिलंय. त्यात जे सहा महिने जातात ते परत मिळत नाहीत.

मशीन मिळालं की काम संपलं असं नाही, तिथून सुरू होतं. पोर जागं आहे तोवर मशीन कानात. दिवसाला दोन तास लावून काही होत नाही. बाळाचा कान वाढतो, त्यामुळे साचा दर काही महिन्यांनी नवा लागतो. शिटी वाजायला लागली की समजा साचा सैल झाला. पावसाळ्यात आपल्या खोल्यांत ओल असते, म्हणून रात्री मशीन ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सेल काढून ठेवा आणि लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. बटणासारखा सेल गिळला तर जिवावर बेततं.

रोज सकाळी एक मिनिटाची परीक्षा करा. तोंडासमोर कागद धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. मग एकेक आवाज काढा: आ, ई, ऊ, म, श, स. प्रत्येक आवाजाला पोराने डब्यात एक चमचा टाकायचा किंवा हात वर करायचा. काल 'श' कळत होता आणि आज नाही, तर सेल, नळी, कानातला मळ, सर्दी यांपैकी काहीतरी आहे. हे थेरपीला जायच्या आधी घरातच कळतं.

कॉक्लिअर इम्प्लांट ही शस्त्रक्रिया. नेहमीच्या मशीनचा उपयोग होत नाही इतकं बहिरेपण असेल तर आतल्या कानात तार बसवतात आणि बाहेर डोक्याला चिकटणारं यंत्र राहतं. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ती फुकट होते. त्यासाठी मुख्य काम वांद्र्याचीच संस्था बघते. जितकं लवकर तितकं चांगलं. पण सही करण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. एक, नंतर निदान दोन-तीन वर्षं नियमित थेरपी लागते, नाहीतर लाखाची तार नुसती डोक्यात राहते. दोन, बाहेरचं यंत्र बिघडतं, वायर तुटते, मुदत संपते, आणि तो खर्च घरावर येतो. "पुढचा खर्च कोण देणार?" हे आधी विचारा, लेखी मागा. यंत्र काढलं की मूल पुन्हा बहिरंच असतं: आंघोळीला, पोहताना, रात्री झोपेत, चार्जिंग संपल्यावर.

मग हाताने शिकवलं तर बोलणं थांबेल का?

नाही. आणि जे खरं आहे ते पूर्ण सांगते, कारण अर्धं सांगून मी एकदा चुकले आहे.

संशोधकांत यावर अजून वाद आहे. इम्प्लांट झालेल्या मुलांच्या काही अभ्यासांत असं दिसलं की फक्त बोलण्यावर वाढवलेल्या मुलांचं बोलणं जास्त स्पष्ट झालं. दुसरे म्हणतात, ही तुलनाच वाकडी आहे. ज्या मुलांचं बोलणं छान चाललंय त्यांना कुणी खुणा शिकवत नाही. ज्यांचं अडलं त्यांना मागाहून शिकवतात, आणि मग न बोलण्याचं खापर खुणांवर फुटतं. म्हणजे दवाखान्यात आजारी लोक जास्त दिसतात म्हणून दवाखान्यानेच आजार होतो म्हणण्यासारखं. उलट बहिऱ्या आईबापांची मुलं, जी जन्मापासून चांगली खूण-भाषा बघत वाढतात, त्यांना इम्प्लांट झाल्यावर त्यांची बोलीही चांगली आलेली अभ्यासांत दिसते.

मी माझ्यापुरतं असं ठरवलंय. बोलणं येईल का, किती येईल, हे दोन वर्षांच्या बाळाकडे बघून कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. खूण-भाषा मात्र प्रत्येक डोळस बाळाला येऊ शकते, मशीन असो नसो, थेरपीचे पैसे असोत नसोत. ज्या घरात बापाचं काम कधी सुटेल सांगता येत नाही, त्या घराने सगळा डाव अशा एका गोष्टीवर लावू नये जिला दर आठवड्याला बसभाडं लागतं. बोलणं शिकवा, मनापासून शिकवा. पण ते येईपर्यंत पोराला बिनभाषेचं ठेवू नका.

"ओठ वाचेल की" असं लोक म्हणतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: पापा, बाबा, मामा. ओठ अगदी सारखे हलतात. भात आणि माठ तसेच. क, ख, ग तर घशात होतात, बाहेर दिसतच नाहीत. ओठ वाचणं हे गाळलेल्या जागा भरण्याचं काम आहे, आणि जागा भरायला आधी भाषा यावी लागते. ज्याला मराठीच अजून आलेली नाही ते बाळ काय भरणार?

दहा बाय बाराच्या खोलीत

तोल म्हणजे निम्मं-निम्मं असं मापून वाटणं नव्हे. प्रत्येक मुलाचा तोल वेगळा. ज्याला मशीन लावून गल्लीतली हाक ऐकू येते, त्याच्याशी दिवसभर बोला आणि गोष्ट सांगताना, समजावताना, गोंगाटात हाताची जोड द्या. ज्याला मशीन लावूनही फक्त ट्रकचा हॉर्न कळतो, त्याची पहिली भाषा खूण-भाषाच असू द्या, आणि बोलण्याचे पाठ रोज थोडे, खेळासारखे. दर सहा महिन्यांनी बघा: पोर नवं काय सांगायला लागलं? तोंडाने की हाताने हे दुय्यम. सहा महिन्यांत 'हे दे', 'ते नको' याच्या पुढे गेलं नसेल तर चाललंय ते बदला, मग मॅडम रागावल्या तरी चालेल.

एकाच वेळी मराठी बोलत आणि पूर्ण खूण-भाषा करत राहणं जमत नाही, कारण दोन्हींचा क्रम वेगळा आहे. दोन्ही अर्धवट होतात. त्यापेक्षा आधी बोला, मग खूण करा, मग पुन्हा बोला. "पाऊस आला." मग खूण. मग पुन्हा "पाऊस आला". भाकरीत भाजी गुंडाळावी तसं. बोलण्याच्या पाठासाठी घरातली शांत वेळ निवडा, टीव्ही बंद, शेजारची मोटार बंद. आपल्या वस्तीत अशी वेळ बहुतेक दुपारी तीनच्या सुमारास किंवा अगदी पहाटे मिळते. भाजी निवडताना एकेक वस्तूचं नाव घ्या, कानाच्या जवळून, नेहमीच्या आवाजात. ओरडू नका; ओरडल्याने आवाज फाटतो आणि तोंड वेडंवाकडं होतं.

आंघोळीला मशीन काढलेलं असतं, तेव्हा फक्त हात. अंधारात खुणा दिसत नाहीत, म्हणून रात्रीचं बोलणं दिवा मालवायच्या आधी. लाइट गेली तर मोबाइलचा उजेड आपल्या चेहऱ्यावर पाडा, पोराच्या नाही. खिडकीकडे पाठ करून बोललात तर तुमचा चेहरा काळा दिसतो. हाक मारायची तर खांद्याला हलका स्पर्श, किंवा फरशीवर पाय आपटायचा, किंवा बटण दाबून दिवा उघडझाप करायचा. मागून येऊन धपाटा घालू नका, लेकरू दचकतं.

आणि एक, फक्त आईने शिकून उपयोग नाही. बाप कामावरून आल्यावर पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि टीव्ही लावतो. दहा वर्षांनी त्या दोघांत बोलायला काही उरत नाही. बापाला, आजीला, मोठ्या बहिणीला रोज तीन खुणा. वर्षाला हजार होतात.

त्या आईला मी विचारलं, गल्लीतला तो बहिरा दादा काय करतो? म्हणाली, छपाईच्या कारखान्यात जातो, लग्न झालंय, दोन पोरं आहेत. मी म्हटलं, अगं, तुझा मास्तर तर दारातच आहे. त्याला आणि त्याच्या बायकोला रविवारी घरी बोलव. पोर त्यांच्याकडून खरी भाषा शिकेल, तू फोनवरून शिकलेली मोडकी नव्हे. शिवाय त्याला मोठा झालेला बहिरा माणूस दिसेल. ज्या मुलांनी असा माणूस कधी पाहिला नाही, त्यांतल्या काहींना वाटत असतं की मोठं झालं की आपल्याला ऐकू येईल, किंवा आपण मोठे होणारच नाही. बहिरे लोक प्रत्येकाला एक खुणेचं नाव ठेवतात, गालावरची खळी, केसांची बट असं काही धरून. त्या मुलाला तसं नाव मिळालं की तो त्यांचाही झाला.

ऑडिओलॉजिस्टला नम्रपणे पण स्पष्ट सांगा: आम्ही मशीन आणि थेरपी सोडणार नाही, आणि घरात खूण-भाषाही वापरणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ म्हणतं की कर्णबधिर मुलाला त्याला योग्य त्या भाषेत आणि पद्धतीने शिक्षण मिळालं पाहिजे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ मध्ये आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने. शाळा बघायला जाल तेव्हा कार्यालयात बसू नका. मधल्या सुट्टीत मैदानात उभ्या राहा. मुलं एकमेकांशी भराभर हाताने बोलत असतील आणि शिक्षकही त्यांच्याशी तसेच बोलत असतील तर बरं. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत असतील आणि मुलं वहीत नुसतं उतरवत असतील, तर दुसरी शाळा बघा. सुंदर अक्षरात उतरवलेली वही बघून फसू नका. वाचून अर्थ विचारा.

युडीआयडी कार्ड आजच काढायला घ्या. बेराचा कागद, आधार, फोटो, रेशनकार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात छपरातून गळतं. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त तोटा असेल तर कायद्याने 'बधिर', ६० ते ७० असेल तर 'ऐकू कमी येणारे'. कागदावरचा आकडा स्वतः वाचा आणि कार्डावर तेच लिहिलंय का बघा.

पुढच्या बाळाच्या बाबतीत थोडक्यात. गोवर-रुबेलाची लस नऊ महिन्यांना आणि मग दीड वर्षाच्या सुमारास, चुकवू नका. आईला गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय जाऊ शकतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्यातही आहे. घरात आधी बहिरेपण असेल तर ते नातं टाळा. कान वाहत असेल तर कापूस कोंबून बसू नका, दवाखान्यात जा.

राहिला विहार. रविवारच्या वंदनेला हे लेकरू आईच्या मांडीवर नुसतं बसून असतं, सगळे हात जोडतात तेव्हा जोडतं, का ते त्याला कळत नाही. त्याला पुढच्या रांगेत, दिव्याच्या उजेडात बसवा. पंचशील त्याला कुणीतरी हातांनी सांगा: मारू नये, चोरू नये, खोटं बोलू नये, हे तर चार वर्षांच्या मुलाला खुणांनी समजतं. बहिऱ्या दादाला महिला मंडळाने महिन्यातून दोन रविवार बोलवावं आणि प्रवासखर्च द्यावा, फुकट राबवू नये. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाच्या खर्चात डीजेची रक्कम असते तशी एका खूण-भाषा दुभाष्याची रक्कमही लिहा. तो व्यासपीठावर, वक्त्याच्या शेजारी, उजेडात उभा राहील एवढं पाहा.